दहाव्याचा कावळा

सोलापूरहून हैदराबादकडं निघालं की नळदुर्ग लागतं आणि पुढं जळकोट. या दोन्हींच्या मधे हायवे सोडून एक कच्चा-पक्का रस्ता आत जातो. त्याच्या टोकाला माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथली अंडी अजून बाजारात कुणी घेत नाही आणि मी नाव छापून त्यात भर घालायचं कारण नाही. दवाखान्यांची आणि साहेबलोकांची नावंही सांगणार नाही. नावं सांगून कुणाचं काही वाकडं होत नसतं, हे एसटीत जन्म काढलेल्या माणसाला नव्यानं शिकायला नको.

मी कोल्हापूरकडचा, निवृत्त वाहतूक नियंत्रक. म्हणजे स्टँडवर खिडकीच्या आत बसून, गाडी का आली नाही याची कारणं माईकवर सांगणारा माणूस. तीस-पस्तीस वर्षं तोच धंदा केल्यामुळं कुणी कारण सांगायला तोंड उघडलं की ते खरं की बनवलेलं हे मला आधीच कळतं. चांगली सवय नव्हे ही. या प्रवासात तर तिनं मला भाजून काढलं.

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. प्रवास बंद होता. भाचा बालाजी फोनवर एवढंच म्हणाला, "मामा, तुमी येईस्तवर ठिवता येनार न्हाय." त्यामुळं तिचं शेवटचं तोंड मला दिसलं नाही. निदान दहाव्याला तरी माहेरचं माणूस उभं राहावं म्हणून डोळ्यावर काळा चष्मा चढवून, पिशवीत दुखवट्याचं कापड घालून निघालो.

नळदुर्ग

नळदुर्गला उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. बालाजी मोटरसायकल घेऊन यायचा होता. तोवर हायवेच्या कडेला एका धाब्यावर बसलो. समोरून ट्रकांची रांग हटत नव्हती. पलीकडं किल्ल्याचे बुरूज दिसत होते. त्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात महाल केलाय, आणि पावसाळ्यात त्यावरून पाणी कोसळताना पाहायला लांबून माणसं येतात. अक्का दर वर्षी म्हणायची, "ये की रे एकदा, दाखवते." मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणायचो.

या भागात एक गोष्ट मात्र मला फार आवडते. नळदुर्ग आणि अणदूर ही दोन गावं, आणि त्यांच्यात खंडोबा एकच. हिवाळ्यात काही आठवडे देव नळदुर्गला असतो, बाकी वर्ष अणदूरला. दोन्ही गावची माणसं समोरासमोर बसून करार करतात आणि ठरल्या दिवशी देव हलतो. भांडण नाही, उशीर नाही. आमच्या महामंडळाला जे वेळापत्रक कधी जमलं नाही ते या माणसांनी देवाकडून पाळून घेतलंय. तेव्हा मनात कौतुकच होतं. पुढच्या आठवड्यात त्याच तालुक्यातली दोन सरकारी खाती पाहिली आणि वाटलं, यांना कुणीतरी अणदूरला नेऊन बसवायला पाहिजे होतं.

धाब्यावर चहाबरोबर काही खायला मागितलं. मालक म्हणाला, "शेव-टमाटं हाय, आख्खा मसूर हाय. चिकन, अंडा मागू नका. बंद केलंया."

"का हो?"

"कोंबड्याचा ताप आलाय म्हनं. आदी कोंबड्या मेल्या, आता कावळे पडायलेत. गिऱ्हाईक अंड्याकडं बगंना गेलंय."

एवढ्यात भोंगा लावलेली एक रिक्षा गेली. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये. अफवांवर विश्वास ठेवू नये. आजारी किंवा मृत पक्ष्यांना हात लावू नये." आवाज एकदम सपाट होता. मी तो आवाज ओळखला, माझाच होता तो. गाडी कुठं अडकलीय हे माहीत नसलं की मी नेमका त्याच आवाजात बोलायचो.

बालाजी आला. डोकं भादरलेलं, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. पाया पडला आणि खांद्यावर डोकं टेकून गदगदून रडला. चाळिशीचा बाप्या माणूस, पण मामा दिसला की पोर होतो.

गावाकडं निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी दाण्यात आली होती. हुरड्याचे दिवस. एरवी या दिवसांत शेतातून गोवऱ्यांचा धूर आणि हसण्याचे आवाज येतात. मोटरसायकलच्या पुढं हातभर अंतरावर रस्त्यावर काहीतरी पडलं. बालाजीनं ब्रेक मारला, मी त्याच्या पाठीवर आदळलो, पिशवी सुटून दुखवट्याचं कापड धुळीत गेलं. पाहतो तर कावळा. पडल्यावर एकदा पंख हलवले आणि संपला.

बालाजीनं कापड उचलून झटकलं. कावळ्याकडं पाहत म्हणाला, "मामा, आज सकाळपासून ह्यो चवथा बगितला. परवा आईचा दहावा. पिंडाला शिवायला एक तरी ऱ्हातोय का न्हाय, मला त्याचाच घोर लागलाय."

गाव

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. भावकीतून टोपली येते. त्या दिवशी कुणाच्या तरी घरून ज्वारीच्या भाकरी आणि येसरची आमटी आली होती. येसर म्हणजे धान्य आणि मसाला भाजून दळून ठेवलेलं पीठ, उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. आमच्याकडं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा तोरा, पण अक्कानं एकदा खाऊ घातलेल्या येसरची चव माझ्या जिभेवरून कधी गेली नाही. त्या दिवशी मात्र घास फिरत राहिला. बालाजीची बायको मनीषा समोर बसून सांगत होती आणि मी ऐकत होतो.

अक्काच्या बारा-पंधरा कोंबड्या होत्या. देशी, परसात फिरणाऱ्या. एक दिवस दोन मेल्या, दुसऱ्या दिवशी पाच. माना वाकड्या, तुरे निळे. अक्कानं त्या मांडीवर घेऊन पाणी पाजलं, हळद लावली, आणि मेलेल्या स्वतः उचलून उकिरड्यावर टाकल्या. कावळ्यांनी त्या ओढल्या. मग अक्काला ताप आला. मग दम. फटफटीवरून फिरणाऱ्या डॉक्टरनं सुई टोचली आणि सांगितलं, वय झालंय. आठवडा भरायच्या आत ती गेली.

"शेवटालाबी मनात कोंबड्याच," मनीषा म्हणाली. "मला म्हनल्या, उरलेल्यांला पानी ठिवलंस का? चार उरल्यात. बगा तिकडं."

परसात चार कोंबड्या उकरत होत्या. एक ढवळी, मानेवर पिसं नसलेली, सगळ्यांत पुढं. अक्का तिला सून म्हणायची, कारण ती कुणाचं ऐकत नसे. हे सांगताना मनीषाच हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडली.

दुपारी पशुसंवर्धन खात्याची जीप आली. हातमोजे, मुखपट्ट्या, बर्फाची पेटी. मेलेले कावळे उचलून पिशव्यांत बंद केले. साहेब सांगत होते, नमुने भोपाळला जाणार, तिथंच देशाची मोठी प्रयोगशाळा आहे. काम नीट करत होते, ते मी नाकारत नाही. मी पुढं झालो आणि म्हटलं, "साहेब, या घरात कोंबड्या मेल्या आणि त्यांना हात लावणारी माझी बहीण आठवड्यात गेली. ताप आणि दम."

साहेब मुखपट्टीच्या आतून म्हणाले, "माणसं आमच्याकडं येत नाहीत, काका. ते आरोग्य खातं."

"आणि कावळा?"

"तसा तो वनखात्याचा. आम्ही आपले माणुसकी म्हणून उचलतोय."

कोंबडी एकाची, कावळा दुसऱ्याचा, माणूस तिसऱ्याचा. ताप मात्र या तिघांत फिरताना कुणाच्या हद्दी विचारत नव्हता. मला संताप आला, पण सुतकात पाहुणा म्हणून आलेल्या माणसानं किती बोलावं? बर्फाची पेटी जीपमध्ये चढली. कावळ्याचा नमुना भोपाळला निघाला. अक्काचा नमुना कुणीच घेतला नव्हता, आणि आता घ्यायला अक्का नव्हती.

दहावा

आमच्याकडं कावळ्याचं काम तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनालाच उरकतं. इथं सगळा भर दहाव्यावर. सकाळी ओढ्याच्या काठाला गेलो. भावकी जमली होती. गुरुजींनी पिंड मांडले, वर दही-भात, बाजूला अक्काच्या आवडीचं पान: धपाटं, शेंगाची चटणी, गुळाचा खडा. माणसं मागं सरकली. मग सगळे वर पाहू लागले.

लिंब रिकामा होता. बाभळ रिकामी. कावकाव म्हणून नाही. ज्या आवाजाचा एरवी वैताग येतो, त्याच्यासाठी पन्नास माणसं माना वर करून उभी होती. "काऽव, काऽव" म्हणून कुणी हाका घातल्या, त्याही वाया गेल्या. गुरुजी म्हणाले, "फार तर दर्भाचा करू. शास्त्राला चालतो."

"जरा थांबा," बालाजी म्हणाला आणि बाभळीमागं गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कोंबड्या झाकायचं डालगं होतं. त्यानं ते पिंडापासून वीतभर अंतरावर ठेवून उचललं. आत कावळा होता. जिवंत. पिसं फुललेली, मान एका बाजूला कललेली, डोळ्यावर पडदा.

पहाटे ओढ्यात पाण्याच्या कडेला बसलेला दिसला, उडत नव्हता, म्हणून त्यानं तो उघड्या हातानं धरून आणला होता. हात लावू नका म्हणून भोंगा सांगत गेला, तो त्यानं ऐकलाच होता. पण आईचा पिंड तसाच राहतो की काय, या भीतीपुढं भोंग्याचं काय चालणार? मी तिथं होतो. मला कळत होतं. आणि मीही त्याला अडवलं नाही, कारण मलाही तो शिवायला हवा होता.

कावळा बसूनच राहिला. मग इच्छा विचारणं सुरू झालं. मेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द दिला की कावळा शिवतो, असं इकडं मानतात. तसं आमच्याकडंही मानतात. "काकू, नातीचं शिक्षण पुरं करू." कावळा हलेना. "बालाजीला आमी अंतर देनार न्हाय." हलेना. मी म्हटलं, "अक्का, मी आलोय गं, उशिरा आलो." तरी हलेना.

मग बालाजी गुडघ्यावर बसला. हात जोडले. "आई, तुज्या चारी कोंबड्या मी संभाळतो. इकनार न्हाय, कापनार न्हाय, कुनाला देनार न्हाय. मरंस्तवर पानी घालतो."

कावळा उठला. दोन पावलं टाकली, लडखडला, तिसऱ्या पावलाला पुढं कोसळला आणि त्याची चोच दही-भातात रुतली.

"शिवला! शिवला!" एकच गलका. बायका रडायला लागल्या. बालाजीचा चेहरा असा उजळला की मला त्याचं लहानपण आठवलं. कावळा परत उठला नाही. चोच भातात तशीच ठेवून मेला. मेलेला कावळा शिवण्यात धरायचा का, यावर भावकीत थोडी कुजबुज झाली. गुरुजींनी आधी शिवला आणि मग मेला असा निकाल दिला आणि सगळे घाईघाईनं घरी निघाले. बालाजीनं तो कावळा दोन्ही हातांनी उचलून लिंबाखाली पुरला, वर दगड ठेवला, पाया पडला.

लेखी

दोन दिवसांनी बालाजीला ताप भरला. सकाळी अंग दुखतंय म्हणाला, दुपारी डोळे लाल, आणि चालताना तो भिंतीला हात लावू लागला. मनीषा माझ्याकडं पाहत होती. हाच ताप तिनं पंधरा दिवसांपूर्वी याच घरात पाहिला होता.

आधी एका खासगी डॉक्टरकडं नेलं. कावळ्याचं ऐकल्यावर त्यांनी खुर्ची मागं सरकवली आणि सरकारीत जायला सांगितलं. म्हणून सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. तिथं भिंतीवर नवाकोरा फलक होता. कोंबडीचं रंगीत चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'ताप, खोकला, दम असल्यास त्वरित संपर्क साधा.' आम्ही त्वरित संपर्क साधून तासभर बाकावर बसलो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. दमलेली. तिनं बालाजीला नीट तपासलं, छाती ऐकली, बोटाला यंत्र लावलं. कावळ्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, भोपाळचा रिपोर्ट पशुसंवर्धनकडं आलाय असं ऐकलं. उद्या तुमच्या गावात कोंबड्या मारायला पथक येणार आहे. पण आमच्या खात्याला अजून लेखी काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या दृष्टीनं अजून बर्ड फ्लू नाहीच. हा साधा ताप."

"मग घशाचा नमुना घ्या. खरं खोटं कळेल."

"लेखी आल्यावर. त्याआधी मी नमुना पाठवला तर वरून विचारतील, कशाच्या आधारावर."

"गोळी तरी द्या. या तापावर गोळी असते ना?"

तिनं कपाटाकडं पाहिलं. काचेतून खोकी दिसत होती. "आहे. कोंबड्या मारणाऱ्या पथकासाठी आलीय. त्यांना आधी गोळी आणि मग काम, असा नियम आहे. त्यातून मला एकही काढता येत नाही."

मी चढ्या आवाजात बोललो. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. निरोगी माणसाला कोंबडी मारायला जायचं म्हणून औषध, आणि तापानं फणफणलेल्याला लेखी आल्यावर! कोंबड्यांची बातमी या इमारतीतून त्या इमारतीत जायला जेवढा वेळ लागत होता, तेवढ्यात माझी अक्का दोनदा मेली असती. ती मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली. मग साध्या तापाच्या गोळ्या बालाजीच्या हातावर ठेवत, माझ्याकडं न पाहता ती म्हणाली, "उद्या पथकाला गावातलीच माणसं लागणार आहेत, कोंबड्या धरून द्यायला. त्यांनाही गोळ्या मिळतील, पाच दिवसांच्या. फक्त ताप असेल तर घेत नाहीत." आणि वर म्हणाली, "ही गोळी सकाळी दिली तर तीन-चार तास ताप उतरलेला राहतो."

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

परत येताना बालाजी मोटरसायकलवर माझ्या मागं बसला होता. त्याच्या कपाळाची धग माझ्या पाठीला लागत होती. डोळ्याच्या ऑपरेशननंतर गाडी चालवू नका म्हणून मला सांगितलं होतं, पण चालवायला दुसरं कोण होतं? मी त्याला सगळं समजावून सांगितलं.

"मामा, आपल्या घरच्याबी धराव्या लागतील का?"

"लागतील."

"म्या शब्द दिलाय तिला."

"तिला तू हवास का कोंबड्या, ते सांग."



पांढरे झबले

पथक सकाळी आलं. समाजमंदिरापुढं टेबल मांडलं. गावातून पाच जण तयार झाले, त्यात बालाजी. त्याला उठवून, तापाची गोळी देऊन, अंग पुसून मीच घेऊन गेलो होतो. ओळीत उभं राहायलाही त्याला कष्ट पडत होते. कपाळावर ताप मोजायचं पिस्तूल धरलं. टुकटुक वाजलं. "नॉर्मल. पुढं चला." त्याच्या हातावर गोळ्यांची पट्टी आली. "एक आत्ता, माझ्यासमोर," कर्मचारी म्हणाला. बालाजीनं ती गिळली. त्या घोटावर माझा सगळा जीव गोळा झाला होता. आजारी माणसाला निरोगी म्हणून उभं करणं बरोबर नव्हतं, हे मला कळतं. त्या दिवशी माझ्यासमोर दुसरा रस्ता कुणी ठेवला नव्हता.

मग त्यांना पांढरे झबले, डोळ्यांवर चष्मे, पायांत बूट चढवले. गाव बघत होतं. लोकांनी कोंबड्या लपवल्या होत्या, कणगीत, माळ्यावर, एकीनं तर गोधडीत गुंडाळून पाळण्यात. पाहुण्या पथकाला त्या सापडल्या नसत्या. गावच्या माणसांना मात्र कुणाच्या घरात कोंबडी कुठं बसते ते पाठ होतं. म्हणूनच तर त्यांना घेतलं होतं. बालाजी झबल्यातून घरोघर फिरला आणि बायकांनी त्याला तोंड भरून शिव्या दिल्या. "आईचं तेरावं झालं न्हाय अजून, आन हे करायलास व्हय रं!" एक म्हातारी तर त्याच्या पाया पडली. तो धरत गेला, पोत्यात घालत गेला.

शेवटी आमचं घर. परसात चारी कोंबड्या होत्या. पांढरी माणसं पाहून त्या उधळल्या, काटेरी कुंपणाखाली शिरल्या. पथकातले दोघं काठ्या घेऊन वाकले, हाताला ओरखडे आले, पण एकही हाताला लागेना. साहेब घड्याळ पाहत होते.

बालाजीनं तोंडावरची पट्टी खाली ओढली. खाली बसला. मूठ पुढं केली आणि अक्का दाणे टाकताना हाक घालायची तशी हाक घातली. "तीऽ ती ती ती."

चौघी आल्या. ढवळी सगळ्यात पुढं. त्याच्या रिकाम्या मुठीत चोच घालून शोधू लागली.

पोतं मी धरलं होतं. दुसरं कुणी नव्हतं. एक एक करून त्यानं चौघींना आत घातलं. ढवळीनं माझ्या अंगठ्याला चोच मारली. बालाजीनं पोत्याचं तोंड बांधलं, पथकाच्या हातात दिलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसला. झबल्याच्या आत तो घामानं निथळत होता. ताप परत चढत होता. मी त्याला आत नेऊन झोपवलं आणि मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तिथं मनसोक्त रडून घेतलं.

परत

बालाजी वाचला. तिसऱ्या दिवसापासून ताप हटला, पाचव्या दिवशी त्यानं स्वतः भाकरी मागितली. गोळीमुळं वाचला का तो साधाच ताप होता, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही, कारण कुणी पाहिलंच नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी आरोग्य खात्याचं पथक गावात आलं. म्हणजे लेखी पोचलं होतं. घरोघरी विचारत होते, ताप, खोकला, दम? बालाजी ओट्यावर बसला होता. "सध्या कुणाला ताप?" "न्हाय." "घरात अलीकडं कुणी वारलं?" मनीषानं सांगितलं, सासूबाई. "वय?" तिनं वय सांगितलं. "मग वयानंच," असं म्हणत ते पुढच्या घरी गेले. मी मागं जाऊन सगळं सांगितलं, कोंबड्या, ताप, दम, कावळा. त्यांच्यातला मोठा माणूस समजुतीनं म्हणाला, "काका, आता नमुना कशाचा घेणार?" ते खरंच होतं. तेवढं एक कारण त्या सगळ्या दिवसांत खरं निघालं.

नळदुर्गला एसटीची वाट पाहत उभा होतो तेव्हा तीच रिक्षा गेली. "एकाही नागरिकाला लागण झालेली नाही. नागरिकांनी निश्चिंत राहावं." धाब्यावर चिकन परत सुरू झालं होतं. मालकानं आग्रह केला. मी चहाच घेतला.

नंतर पितृपंधरवड्यात बालाजीचा फोन आला. आवाज चांगला होता. पाऊस बरा, सोयाबीन बरं, पोरगी बारावीत गेली. मग म्हणाला, "मामा, कावळे आले बगा परत. लिंब भरून बसत्यात."

"मग आज पान ठेवलंस? शिवला?"



"सकाळी पत्र्यावर पान ठिवलं. म्या समोर उबा. येऊन बसायलेत, बगायलेत, शिवंनात. दुपार झाली. कोंबड्याचं काई बोलायचं मला धाडस हुईना. मग मनीषा म्हनली, तुमी जरा घरात जावा. गेलो. दार लावून घेतलं. लगीच शिवला मामा. म्या आत गेल्या गेल्या."

"अरे, कावळा तो. माणूस समोर असला की बुजतो."

"तसंच आसंल," तो म्हणाला. "पर तुमी भाऊ हाव तिचे. तुमचं ती ऐकायची. त्या चार कोंबड्या म्या कामून धरून दिल्या, ते तिला तुमी सांगा की."

मी आयुष्यभर माईकपुढं बसून लोकांना कारणं सांगितली. त्या दिवशी फोन कानाला लावून किती तरी वेळ उभा राहिलो, आणि अक्काला सांगण्यासारखं एकही कारण माझ्या तोंडात येईना.